आधी तू गा

अगं, ऐकलं तुझं गाणं. चाल छान जमलीय. अंतऱ्यात वरच्या षड्जाला टेकून जी हळूहळू उतरतेस, ती जागा तर फारच गोड. खाली मात्र तू रडवेली होऊन लिहिलंयस, ‘ताई, सगळं सुरात आहे, तालात आहे, मग ही बाई रोबोटसारखी का गातेय?’ वेडे, सगळंच सुरात आणि सगळंच तालात आहे ना, म्हणून!

थांब, हे वाचून लगेच सूर इकडेतिकडे ढकलायला बसू नकोस. तुला कुणी ना कुणी सांगेलच, की नोटा थोड्या मागेपुढे कर, थोड्या बेसूर कर, एक बटण असतं ते दाब, म्हणजे माणूस वाटेल. नाही वाटत गं. दमलेला रोबोट वाटतो. कारण माणूस गाताना उगाच घसरत नाही, त्याला कारण असतं. श्वास संपत आला म्हणून सूर किंचित उतरतो. वरचा सूर अवघड आहे म्हणून त्याच्याआधी गळा क्षणभर थबकतो. ‘स’ म्हणायला वेळ लागतो म्हणून तो ठोक्याच्या आधीच सुरू होतो. ही सगळी कारणं शरीरातली आहेत. फुप्फुसं, जीभ, ओठ, पोट. तुझ्या सॉफ्टवेअरला यातलं काहीच नाही. तुझ्याकडे सगळं आहे.

म्हणून माझा सल्ला एकच, बाकी सगळा त्याचा विस्तार. यंत्राकडून गाऊन घ्यायची प्रत्येक ओळ आधी तू गा.

आता लगेच ‘ताई, माझा आवाज कुठे चांगलाय’ म्हणशील. तो कुणाला ऐकवायचा नाहीये. दार लाव, कानात हेडफोन घाल, साथीचा ट्रॅक लाव आणि फोनवर ओळ रेकॉर्ड कर. मग ते ऐकताना आवाजाकडे लक्षच देऊ नकोस. कुठला शब्द लवकर उचललास, कुठे सोडून दिलास, श्वास कुठे घेतलास, कुठला सूर खालून पकडलास, एवढंच कागदावर टिपून घे. हा काही माझा घरगुती उपाय नाही. जपानमध्ये तोमोयासू नाकानो आणि मासाताका गोतो या संशोधकांनी २००९ मध्ये व्होकालिसनर नावाची पद्धत मांडली ती हीच. माणसाने ओळ गायची, त्यातला सुरांचा चढउतार आणि जोर संगणकाने मोजायचा आणि कृत्रिम आवाजाच्या आकड्यांत उतरवायचा. तू तेच कानाने आणि पेन्सिलीने करायचंस.

मुळात हा आवाज येतो कुठून, ते थोडं समजून घे, म्हणजे कुठे हात घालायचा ते कळेल. १९६१ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये जॉन केली आणि कॅरल लॉकबाउम यांनी आयबीएमच्या संगणकाकडून ‘डेझी बेल’ हे जुनं गाणं म्हणवून घेतलं. साथ बसवली मॅक्स मॅथ्यूज यांनी. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची पोकळी म्हणजे छोट्या छोट्या नळ्यांची माळ, असं धरून त्यांनी त्यातून जाणाऱ्या आवाजाचं गणित मांडलं होतं. म्हणजे त्यांनी आधी गळाच बांधला. पुढे यामाहामध्ये हिदेकी केनमोची यांच्या गटाने बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठाबरोबर दुसरी वाट धरली. खऱ्या गायिकेकडून अक्षरांचे सांधे गाऊन घ्यायचे, त्यांचे तुकडे करायचे आणि हव्या त्या सुरावर ते पुन्हा जोडायचे. त्यातून २००४ मध्ये व्होकलॉइड बाजारात आलं. २००७ च्या ऑगस्टमध्ये साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने साकी फुजिता या अभिनेत्रीच्या आवाजावरून हात्सुने मिकू आणली आणि जपानभर घराघरांतली पोरं तिच्यासाठी गाणी लिहू लागली.

तू वापरतेस ते सिंथेसायझर व्ही त्यानंतरच्या पिढीतलं. त्यातले नवे आवाज तुकडे जोडत नाहीत, गायकांची रेकॉर्डिंग ऐकून गायचं कसं ते शिकलेले असतात. त्यामुळे तू नुसत्या नोटा आणि शब्द टाकलेस तरी ते बऱ्यापैकी माणसासारखं गातं. गंमत अशी, की ते ज्यांच्याकडून शिकलं त्यांच्याच सवयीने गातं. म्हणजे तुझं भावगीत ती बाई जपानी किंवा इंग्रजी पॉप गाण्याच्या वळणाने गातेय. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज थरथरवतेय, प्रत्येक चढत्या सुराला खालून उचलतेय. तुला खटकतंय त्यातलं निम्मं हे आहे. तिचा स्वाभाविकपणा परका आहे, तुझ्या गाण्याचा नाही.

सुरुवात शब्दांपासून कर, सुरांपासून नको. तुझ्या मुखड्यात ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ जवळजवळ आलेत आणि दोन्ही ‘च’ तिने सारखेच म्हटलेत. आपल्या तोंडात ते वेगळे असतात ना? ‘चंद्र’मधला च टाळूला लागतो, ‘चांदणं’मधला दातांजवळ. दुसऱ्यासाठी इंग्रजी ‘च’ घेतलास की मराठी माणसाचा कान तिथेच टवकारतो. जपानी उच्चारांच्या यादीत ‘त्स’ आहे, तो तिथे वापर. नोटेगणिक भाषा बदलायची सोय तुझ्याकडे आहे, ती याच कामाची.

तसंच ‘क’, ‘प’ आणि ‘त’चं. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला हे वर्ण हवा सोडत उच्चारतात, म्हणून तुझी ‘कळी’ ‘खळी’ होते आणि ‘पान’ ‘फान’कडे झुकतं. आणि त्यांचा ‘त’ आपल्या कानाला ‘ट’ लागतो. स्पॅनिशमध्ये हे तिन्ही वर्ण हवेशिवाय येतात आणि त्यांचा ‘त’ दाताला लागतो. तेव्हा ‘क’, ‘प’, ‘त’, ‘द’ स्पॅनिशमधून घे आणि ‘ख’ हवा असेल तेव्हा इंग्रजी ‘क’ घे. ‘भ’, ‘घ’, ‘ध’साठी ब, ग, द यांच्या मागे अगदी निसटता ‘ह’ ठेव, इतका लहान की वेगळा ऐकू येता कामा नये. ‘र’ इंग्रजी घेऊच नकोस, तो तोंडातच गुंडाळला जातो. जपानी ‘र’ जिभेच्या एका टिचकीने निघतो, आपल्या जवळचा. ‘ळ’ मात्र या यादीत कुठेच नाही. तिथे जपानी ‘र’ आणि ‘ल’ दोन्ही घालून बघ, पुढच्यामागच्या स्वराशी जो जुळेल तो ठेव.

आणि ‘अ’! जपानी ‘अ’ आपल्या ‘आ’जवळचा आहे. ‘मन’ हा शब्द जपानीत टाकलास की ‘मान’कडे झुकतो. आपला ऱ्हस्व ‘अ’ इंग्रजी ‘कप’ या शब्दातल्या स्वराच्या बराच जवळ आहे, तो घे. शेवटचा ‘अ’ उच्चारायचा की व्यंजनावर थांबायचं, हे तुझी चाल ठरवेल. पुन्हा तेच. तू गा आणि तुझ्या तोंडून काय निघालं ते ऐक. शाळेत शिकलेलं शुद्धलेखन इथे कामाचं नाही. आपण ‘चांदणं’ लिहितो, पण शेवटी अनुनासिक नसतं, नुसता लांबवलेला ‘अ’ असतो.

शब्द झाले की वेळ. इथे नव्वद टक्के नवखी मंडळी फसतात असं मी म्हणणार होते, पण टक्केवारी राहू दे, तू फसलीयस एवढं पुरे. तू प्रत्येक नोट बरोबर ठोक्यावर ठेवलीयस आणि ते चुकलेलं नाही. पण ठोक्यावर काय यायला हवं? व्यंजन नाही, स्वर. स्टॉकहोमच्या योहान सुंडबेरी यांनी गाणाऱ्या आवाजावर आयुष्यभर काम केलं. गायक स्वराची सुरुवात ठोक्याला जुळवतो आणि व्यंजन त्याच्या आधी उरकतो, हे त्यांच्या मोजमापांत स्पष्ट दिसतं. ‘सांज’ म्हणताना ‘स’चा सुसकारा ठोक्याच्या आधी, ‘आ’ ठोक्यावर. आता तुझं गाणं मिनिटाला ९० ठोक्यांचं, म्हणजे एक ठोका साधारण ६६७ मिलिसेकंदांचा. त्यात ‘स’ शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज खातो. तो ठोक्यानंतर सुरू झाला तर ऐकणाऱ्याला बाई मागे पडल्यासारखी वाटते, आणि काय चुकलंय ते सांगता येत नाही. चांगलं सॉफ्टवेअर हे काही अंशी स्वतः सांभाळतं, पण आधीची नोट चिकटून असली की व्यंजनाला जागाच उरत नाही. मग ते चेपतं. तेव्हा आधीची नोट थोडी आखूड कर आणि उच्चारांच्या पट्टीत जाऊन व्यंजनाची लांबी हाताने ओढ. ‘प’, ‘त’, ‘क’ आखूड. ‘स’, ‘श’ लांब. ‘म’, ‘न’, ‘ल’वर तर सूर धरता येतो, म्हणून भावगीतात तिथे जरा रेंगाळ.

मात्रेवर बसण्याचंही तसंच. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये बघ, अंतऱ्याची पहिली ओळ तू ठेक्याच्या किंचित मागून घेशील आणि समेला बरोबर पोचशील. हे मागे राहणं नोटानोटांत समान वाटायचं नसतं. ओळीच्या सुरुवातीला रेलायचं, मध्ये भरून काढायचं, समेवर हिशेब मिटवायचा. इसाओ तोमिता या बुजुर्ग जपानी संगीतकाराने २०१२ मध्ये मिकूला घेऊन ‘इहातोव’ सिंफनी केली. तेव्हा वाद्यवृंदाने यंत्राच्या घड्याळामागे धावायचं नाही, मिकूनेच संचालकाच्या हाताकडे बघून गायचं, अशी व्यवस्था मुद्दाम केली होती. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा हट्ट बघ काय नेमका!

आता सूर. नोटांच्या चौकोनी पायऱ्या पडद्यावर दिसतात, पण गळा पायऱ्यांनी चालत नाही. ताकेशी साइतो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गाण्यातल्या सुराच्या हालचालींची नीट वर्गवारी केली. वरच्या सुरावर उडी मारताना गळा नेमक्या जागेच्या थोडा पुढे जातो आणि मग मागे येऊन स्थिरावतो. उडी मारण्याआधी क्षणभर उलट्या दिशेला झुकतो. धरलेल्या सुरातही बारीक, अनियमित थरथर चालू असते. आणि चौथं ते कंपन, ज्याला सगळे व्हायब्रेटो म्हणतात. यातलं कंपन सोडून बाकीचं कानाला वेगळं ऐकू येत नाही, पण काढून टाकलं की माणूसपण जातं. तुझ्या बाईकडे हे सगळं मुळात आहे. तू ‘स्वच्छ’ करायच्या नादात सुराची रेघ सपाट केलीस, म्हणून ते गेलं. ती दुरुस्ती पुसून टाक आणि जिथे खरोखर चुकतंय तेवढ्याच जागी हात लाव.

कंपनाबद्दल जरा कडक बोलते. गाणाऱ्या माणसाचं कंपन सेकंदाला पाच ते सात हेलकाव्यांचं असतं, आणि ते सूर लागल्याबरोबर सुरू होत नाही. आधी सूर सरळ धरला जातो, मग हळूहळू हेलकावा येतो. तू तर हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला एकसारखं वाण द्यावं, तसं प्रत्येक लांब सुराला एकच कंपन वाटलंयस. मुळात आपल्या भावगीताला इतकं लागत नाही. आपल्याकडे सुराचा ठेहराव ऐकतात. आधी सगळीकडचं कंपन शून्य कर. मग तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये जिथे तुझा आवाज आपसूक हलला, तिथेच परत दे. प्रत्येक जागी वेग आणि खोली वेगळी ठेव, आणि सुरुवात उशिरा.

मींड काढताना एका सुरापासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढू नकोस. गळा निघताना रेंगाळतो, मध्ये झरकन सरकतो आणि पोचताना पुन्हा हळू होतो. रेघेला दोन्ही टोकांशी गोलाई हवी. कणसुरासाठी वेगळी नोट घालू नकोस. सॉफ्टवेअर तिला नवा सूर समजून तिच्यावर आपले सांधे चढवतं आणि कण जड होतो. सुराच्या रेघेतच एक छोटा स्पर्श काढ, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. मुरकी आणि खटक्याच्या बाबतीत हाव धरू नकोस. ओळीत एक जागा नीट काढलीस तर ऐकणारा बाकीची मान्य करतो. तीन घातल्यास तर तिन्हींतलं यंत्र दिसतं.

एक बारीक गोष्ट, पण कानाला फार मोठी. तू खाली तानपुरा लावलायस आणि वर बाई पियानोच्या पट्टीतला शुद्ध गंधार लावतेय. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार उमटतो, तो पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने खाली असतो. शंभर सेंटचा एक अर्धस्वर, त्यातले १४. ज्या लांब गंधारांवर ती थांबते, तेवढेच खाली आण. तुला वाटेल काहीच बदललं नाही. डोळे मिटून ऐक, ती साथीत बसलेली असेल. साथीला हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर मात्र हे करू नकोस, तिथे तोच सूर बरोबर आहे.

आणि आता श्वास. माझ्या मते सगळ्यात मोठं दुखणं इथेच आहे. दुसऱ्या अंतऱ्यात तुझी बाई एवढं लांब गाते, की ऐकता ऐकता मलाच धाप लागली. ऐकणारा गाणाऱ्याबरोबर नकळत श्वास घेत असतो, आणि गाणारा घेतच नाही म्हटलं की त्याला गुदमरतं. लताबाई सांगायच्या, की श्वास कुठे घ्यायचा आणि तो माइकवर कसा झाकायचा, हे त्यांना संगीतकार अनिल विश्वास यांनी शिकवलं. एवढ्या मोठ्या गायिकेला श्वासाची जागा शिकावी लागली, तर आपल्या यंत्राला ती आपोआप कशी सापडेल?

श्वास ठेवायचा तो अर्थाच्या सांध्यावर. ‘तुझ्या अंगणात’ म्हणताना ‘तुझ्या’ आणि ‘अंगणात’ यांच्यामध्ये श्वास घेतलास तर गाणं मोडतं. ‘अंगणात’नंतर घे. तुझ्याकडे श्वासाची वेगळी नोट आहे, तिथे ती टाक. पण तिला वेळ कुठून मिळणार? माणूस श्वासाचा वेळ आधीच्या सुराकडून उसना घेतो, पुढच्या ठोक्याकडून नाही. म्हणजे आधीची नोट कापायची, पुढची हलवायची नाही. आणि श्वास पुढच्या ओळीच्या मापाचा ठेव. पुढे चार शब्दच असतील तर छोटा, लांब चढण असेल तर खोल, थोडा आधीपासून. एकच श्वास कापून सगळीकडे चिकटवू नकोस. दुसऱ्याच वेळी कान तो ओळखतो. त्याचा आवाजही बेताचाच ठेव, साथ वाजत असताना जेमतेम कळेल एवढा.

श्वासाचे परिणामही असतात, ते विसरतात लोक. ओळीच्या सुरुवातीला छाती भरलेली असते, आवाज घट्ट आणि उजळ असतो. शेवटाकडे जोर ओसरतो, आवाजात हवा मिसळते, शेवटचा सूर निसटता किंचित उतरतो. तेव्हा ओळीच्या शेवटी लाउडनेसचा स्लायडर उतरव, ब्रेथीनेसचा थोडा चढव, टेन्शनचा खाली सोड. तिन्ही एकत्र. नुसता लाउडनेस हलवणं म्हणजे रेडिओचं बटण फिरवणं. माणूस जोरात गातो तेव्हा आवाज मोठा होतोच, पण त्यातले वरचे उपस्वरही जास्त प्रखर होतात, म्हणून मोठ्याने गाणाऱ्याचा आवाज रेडिओ बारीक केला तरी ओळखू येतो. हे काम टेन्शनचं. वरच्या षड्जाला तू लाउडनेस वाढवलायस आणि टेन्शन होतं तिथेच आहे, म्हणून ती तिथे मेहनत करतेय असं वाटतच नाही. उलट करून बघ. लाउडनेस थोडा कमी, टेन्शन थोडं जास्त. अवघड सूर अवघड वाटला पाहिजे.

पट्टीचाही विचार कर. प्रत्येक आवाजाची एक घरची जागा असते. मूळ मिकूसाठी कंपनीने ए३ ते ई५ हा पल्ला आणि मिनिटाला ७० ते १५० ठोके ही लय सुचवली होती. हार्मोनियमच्या भाषेत खालच्या पांढरी सहापासून दीड सप्तक वर पांढरी तीनपर्यंत. त्याबाहेर आवाज जातो, पण पातळ होतो. तू घेतलेल्या आवाजाचा पल्ला बघ आणि गाणं त्यात बसव. पट्टी एक सूर खाली घेतलीस तर निम्मे स्लायडर हलवायची गरजच पडणार नाही. आणि ते जेंडरचं बटण मुलीला बाई आणि बाईला पुरुष करायला वापरू नकोस. थोडंसं हलवलं तर वय बदलल्यासारखं वाटतं, जास्त हलवलं की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं.

मिक्सिंगबद्दल थोडक्यात. खालची घरघर साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खाली कापून टाक. ‘स’, ‘श’ टोचत असतील तर डी-एसर लाव, पण सौम्य. रिव्हर्बमध्ये बुडवून दोष लपत नाहीत, ते नुसते दूर जातात. ध्रुवपदात आवाज दुहेरी करायचा असेल तर तोच ट्रॅक कॉपी करू नकोस. नवा टेक काढून घे, वेगळ्या वेळांचा, आणि मागच्या थरातल्या ओळींच्या शेवटची व्यंजनं काढून टाक, नाहीतर ‘त’ तीनदा ऐकू येतो. आणि एखादी ओळ, अगदी पाठीमागची गुणगुण का होईना, तुझ्या खऱ्या आवाजात मिसळ. पॅरिसच्या इर्काममध्ये १९९४ च्या ‘फारिनेली’ चित्रपटासाठी जुन्या काळच्या कास्त्राती गायकाचा आवाज घडवला, तो डेरेक ली रेगिन हा काउंटरटेनर आणि एवा माउआस-गोदलेव्स्का ही सोप्रानो यांची खरी गाणी एकमेकांत मिसळून. संगणकाने सांधलं, गायलं माणसांनीच.

हेही सांगते, की माणसासारखं गायला लावायलाच हवं असा काही नियम नाही. मिकूची कित्येक गाजलेली गाणी माणसाची दमछाक होईल एवढ्या वेगाची आहेत आणि ती तशीच हवीत. दुसरीकडे मिची एम या संगीतकाराने २०११ मध्ये ‘फ्रीली टुमॉरो’त तीच मिकू इतक्या कारागिरीने गायला लावली, की लोक बघतच राहिले. लक्षात घे, तेव्हाची मिकू शिकून गाणारी नव्हती, जोडलेल्या तुकड्यांवरच त्याने ते केलं. म्हणजे सॉफ्टवेअर जुनं आहे, ही सबब चालणार नाही. फक्त एक काहीतरी ठरव. अर्धा माणूस आणि अर्धं यंत्र असं अडकलं की ऐकणारा अस्वस्थ होतो. तुझं भावगीत आहे, तुला माणूस हवाय, तर तिकडेच जा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नकोस. तुझा तो मित्र म्हणतोय ना, की एखाद्या नामवंत गायिकेच्या गाण्यांवरून आवाज बनवून घेऊ, मग हे कष्टच नकोत. नको. तू वापरतेस तो आवाज देणाऱ्या व्यक्तीने तो ठरवून, परवानगीने दिलेला आहे. कुणाचा तरी गळा न विचारता उचलणं वेगळं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूने आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने, अशा नकली आवाजांविरुद्ध अंतरिम आदेश दिले आहेत. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये ‘लाल सलाम’ चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरले, तेही घरच्यांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. एवढा मोठा माणूस विचारून घेतो, तर आपण कोण? आणि कायदा बाजूला ठेवला तरी तोटा तुझाच आहे. त्या गायिकेच्या सगळ्या सवयी, सगळ्या जागा त्या आवाजाबरोबर येतील, आणि तुझी चाल तिची नक्कल होऊन बसेल.

तेव्हा आता असं कर. सगळं गाणं एकदम हातात घेऊ नकोस. मुखड्याची पहिली ओळ घे. तिच्यावरची सगळी दुरुस्ती काढून टाक. स्वतः गाऊन रेकॉर्ड कर, शब्द ओठांवर पूर्ण बसेपर्यंत. मग आधी उच्चार, मग व्यंजनांची वेळ, मग श्वास, मग सुराची रेघ, आणि लाउडनेस-टेन्शन सगळ्यात शेवटी, याच क्रमाने काम कर. क्रम बदललास तर आधीचं पुन्हा करावं लागतं, कारण वेळ हलली की सुराची रेघही हलते. ऐकताना पडदा झाक. रेघा डोळ्यांना सुंदर दिसतात आणि डोळे कानांना फसवतात. साथ बंद करून एकदा, साथीसकट एकदा, आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर एकदा ऐक. मग झोप, आणि सकाळी चहा व्हायच्या आधी पुन्हा ऐक. तेव्हा जे खटकेल तेच खरं.

झालं की मला त्या ओळीच्या दोन फायली पाठव, एक तुझ्या आवाजातली, एक तिच्या. लाजायचं काही कारण नाही, मी तुला न्हाणीघरात गाताना लहानपणापासून ऐकतेय. तुझ्या आवाजाला मी मार्क देणार नाही. तिची फाईल ऐकून ही ओळ तू शिकवलीयस असं मला कळलं, तर पुढची ओळ घे. नाही कळलं, तर पुन्हा गा.

तुझी,
ताई